गाळाचे दप्तर

शीळफाट्याच्या भंगार गोदामांना आग लागल्याची बातमी ठाणेकरांना नवी नाही. बंब परततात, कल्याण-शीळ रस्त्याची कोंडी सुटते. बंबांच्या पाण्याने धुतलेली राख मात्र उतार धरते. नाल्यातून देसाई खाडीत आणि पुढे उल्हास खाडीत जाते.

जळालेल्या मालातला बराचसा पेट घेऊ नये म्हणूनच घडवलेला असतो, ही यातली विसंगती. १९७० नंतर टीव्हीची कवचे, गाद्यांचा फोम यांत ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके, मुख्यतः पीबीडीई, जगभर मिसळली जाऊ लागली. तापल्यावर सुटणारे ब्रोमीन ज्वाळेची साखळी तोडते. ठिणगी पडली तर ते उपयोगी. अख्खा ढीग पेटला की आग थांबत नाही, वर ब्रोमीनचे डायॉक्सिनसारखे विष तयार होते. ही द्रव्ये प्लास्टिकशी बांधलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात, म्हणून सुटून बाहेर पडतात. पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, बारीक काळ्या गाळाला चिकटतात.

स्वीडनच्या व्हिस्कान नदीतल्या माशांत ती सापडल्याचे १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्या नदीकाठी कापडगिरण्या होत्या. पुढच्याच वर्षी आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झाले. स्टॉकहोम कराराच्या यादीत पेंटा आणि ऑक्टा हे प्रकार २००९ साली आले, डेका २०१७ साली. भारताने पहिल्या दोहोंतल्या घटकांवर २०१८च्या नियमांनी बंदी घातली. पण या तारखा कारखान्याच्या दाराशी लागू होतात. घरातला संच पंधरा-वीस वर्षे चालतो, मग माळ्यावर पडतो, मग भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. शीळला तो कायद्याच्या नंतर पोहोचतो. बंदीचे वर्ष पाहून खाडीचा हिशेब मांडणे म्हणूनच मला चुकीचे वाटते.

हिशेब गाळातच पाहावा लागतो. उल्हास खाडीशी चिंचोळ्या प्रवाहाने जोडलेल्या ठाणे खाडीत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संशोधकांनी गाळाचे स्तंभ काढून थरांच्या वयासह पीबीडीईचा माग घेतला. तो निबंध २०१८चा. थरांचे वय काढायला बहुधा शिसे-२१० कामी येते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे, म्हणजे शे-सव्वाशे वर्षांचा गाळ वाचता येतो. अट एकच, थर हललेला नसावा.

आणि इथेच आपले दप्तर फाटते. मुंब्र्याच्या रेतीबंदरापासून कल्याणपर्यंत वर्षानुवर्षे सक्शन पंपांनी रेती उपसली गेली. महसूल खाते बार्ज जाळते, पंप बुडवते. काही दिवसांनी दुसरे येतात. या उपशात खालचे वर येते, वरचे खाली जाते. पुरलेला गाळ भरतीच्या पाण्यात पुन्हा तरंगतो. चिखलातले किडे तो खातात, किड्यांना निवट्या आणि खेकडे, त्यांना जिताडा. दर पायरीला चरबीतला साठा वाढतो. उल्हास खाडीत पाग अजून पडतो, आणि जिताड्याला गिऱ्हाईक कमी नाही.