पन्हाळ्यावरील घरबागा

कोल्हापूरच्या वायव्येस सु. २० किमी. अंतरावरील पन्हाळगडाच्या वस्तीतील जुन्या घरांना साजेशी बाग. सु. ९७७ मी. उंचीच्या या गडाचा माथा जांभ्याचा असून तटाच्या आत आजही गाव नांदते. पावसाळा मुसळधार, उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक. म्हणून बागेची आखणी पाण्यापासूनच सुरू व्हावी. कौलांच्या पागोळ्या पडतात तिथे दगडी चर हवा आणि जोत्याला माती टेकता कामा नये, कारण सच्छिद्र जांभा ओल धरतो व भिंत झिजत जाते. उतारावर ताली घालाव्यात. त्या सिमेंटविना रचलेल्याच बऱ्या. सांध्यांतून पाणी झिरपते, ताल फुगून ढासळत नाही. अंगणात तुळशी वृंदावन, प्राजक्त, अनंत. सोनचाफा उंच वाढतो, तो घरापासून दूर. वाऱ्याच्या बाजूस अडुळशाचे किंवा जास्वंदीचे कुंपण. भिंतीच्या फटीत वड-पिंपळाचे रोप दिसताच ते मुळासकट काढावे. विलायती हिरवळ या जांभ्यापुढे उपरी दिसते, शिवाय उन्हाळ्यात पाणीही फार पिते.