एका पाकिटावर दोन सरकारांची तिकिटं

पणजीत राज्य पोर्तुगीजांचं आणि लिस्बन ही त्यांचीच राजधानी. मग पणजीहून लिस्बनला जाणाऱ्या पत्राच्या वाटेत इंग्रज कुठून आला? १८७१ ते १८७७ या काळातली गोव्याची पाकिटं पाहिली की हा प्रश्न पडतो. परदेशी जाणाऱ्या पाकिटावर दोन सरकारांची तिकिटं शेजारी शेजारी डकवलेली दिसतात.

पोर्तुगीज हिंदुस्थानने आपली पहिली तिकिटं १८७१ साली काढली. त्यांची किंमत रेइशमध्ये आणि ती चालत हद्दीपर्यंतच. पुढच्या प्रवासासाठी ब्रिटिश हिंदुस्थानची आण्यांतली तिकिटं वेगळी लावावी लागत. त्यासाठी गोव्यात ब्रिटिशांचं टपाल कार्यालयही होतं. कारण साधं होतं: युरोपला नेमाने टपाल नेणाऱ्या आगबोटी मुंबईहून सुटत.

मुंबईहून बोट एडनमार्गे सुएझला जाई. १८६८ पासून पत्रांची वर्गवारी बोटीवरच होऊ लागली होती. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, तरी टपाल सुएझला उतरवून रेल्वेने अलेक्झांड्रियाला नेत. इंजिनिअर म्हणून मला हे आधी खटकलं. पाण्याची सरळ वाट मोकळी असताना ही चढ-उतार कशाला? पण त्या काळी कालव्यात बोटी सावकाश चालत आणि रात्री नांगर टाकून थांबत. आगगाडीला ती अडचण नव्हती. अलेक्झांड्रियाहून दुसरी बोट इटलीतल्या ब्रिंदिसीला पोचे आणि तिथून पुन्हा रेल्वे.

१४९८ मध्ये आफ्रिकेला वळसा घालून वास्को द गामा इथे आला. त्याच पोर्तुगीजांची पत्रं आता इंग्रजांच्या थैलीतून घरी जात होती. नकाशावर गोवा स्वतंत्र मुलूख होता, टपालाच्या हिशेबात मात्र मुंबईवर अवलंबून.

१८७६ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान आणि १८७७ मध्ये पोर्तुगीज वसाहती जागतिक टपाल संघात आल्या आणि दुहेरी तिकिटांची गरज संपली.

एक विनंती. घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत अशी पाकिटं सापडली तर तिकिटं कापून किंवा भिजवून काढू नका. सुटं तिकीट फक्त किंमत सांगतं. पत्र कुठून कुठे, कोणत्या वाटेने आणि किती दिवसांत गेलं, हे पुढचे-मागचे शिक्के सांगतात. पाकीट फाडलं की ती वाट कायमची पुसली जाते.