थोरियमच्या वाटेवरचे आकडे

न्यूट्रॉन अणुकेंद्रावर आदळला की केंद्र दुभंगेल, न्यूट्रॉन शोषला जाईल की नुसता दिशा बदलून निघून जाईल, याची शक्यता ज्या राशीने मोजतात तिला काटछेद म्हणतात. तिचे एकक बार्न. मंद न्यूट्रॉनांसाठी युरेनियम-२३५ च्या भंजनाचा काटछेद सुमारे ५८५ बार्न भरतो, तर थोरियम-२३२ ने न्यूट्रॉन शोषण्याचा जेमतेम ७ बार्न. न्यूट्रॉनची ऊर्जा बदलली की हे आकडेही बदलतात, काही ठिकाणी अचानक आणि प्रचंड. अणुभट्टीचा गाभा केवढा असावा, इंधन किती काळ पुरेल, भट्टी सुरक्षित कशी थांबेल, ही सारी गणिते त्यांच्यावर उभी असतात.

दुसऱ्या महायुद्धात हे आकडे गुपित होते. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जेवरील परिषद भरली, तेव्हा मोठ्या देशांची मोजमापे प्रथमच उघडपणे शेजारी-शेजारी मांडली गेली. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. तिचे इंधन ब्रिटनमधून आले होते, पण तिच्यातून बाहेर काढलेल्या न्यूट्रॉनांच्या झोतांवर भारतीय भौतिकशास्त्रज्ञांची एक पिढी घडली. १९६० मध्ये ‘सायरस’ आणि १९८५ मध्ये ‘ध्रुव’ या अणुभट्ट्यांनी ते झोत कितीतरी प्रखर केले.

तरीही एक अडचण उरलीच. बाहेरच्या देशांनी जीव ओतून मोजले ते युरेनियम आणि प्लुटोनियम. भाभांच्या त्रिस्तरीय अणुऊर्जा कार्यक्रमाचा शेवटचा टप्पा मात्र थोरियमवर बेतलेला, कारण भारताच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम मुबलक आहे. ज्याला थोरियमच्या वाटेने जायचे, त्याला त्या वाटेवरचे आकडे स्वतःच तपासणे भाग होते. तुर्भ्याला १९८४ मध्ये ‘पूर्णिमा-२’ या छोट्या भट्टीत थोरियमपासून बनणाऱ्या युरेनियम-२३३ चे द्रावण इंधन म्हणून वापरले गेले. अशा भट्टीत एकेक काटछेद सुटा मोजला जात नाही; सगळ्यांचा मिळून होणारा परिणाम गणिताशी जुळतो का, हे पाहिले जाते. हा अनुभव पुढे कल्पाक्कमच्या ‘कामिनी’ या भट्टीत उपयोगी पडला.

सर्वांत अवघड ठरले प्रोटॅक्टिनियम-२३३. थोरियमपासून युरेनियम-२३३ होताना हे मूलद्रव्य मध्ये येते. त्याचा अर्धायुकाल सुमारे २७ दिवसांचा. तेवढ्यात त्याने आणखी एक न्यूट्रॉन शोषला, तर होऊ घातलेले इंधन वाया जाते. म्हणून त्याचे आकडे हवेतच. पण इतक्या तीव्र किरणोत्सारी पदार्थाचे लक्ष्य करून त्यावर न्यूट्रॉन सोडणे फार कठीण. भाभा अणुसंशोधन केंद्रातील गटाने वाट बदलली. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पेलेट्रॉन त्वरकात थोरियमवर लिथियम-६ चे आयन आदळवले. त्यातून न्यूट्रॉन शोषलेल्या प्रोटॅक्टिनियमसारखेच संयुक्त केंद्र तयार होते; त्याच प्रयोगात युरेनियम-२३६ चेही केंद्र बनते, आणि त्याच्याशी निगडित युरेनियम-२३५ चा काटछेद चांगला ज्ञात आहे. दोन्हींच्या भंजनाचे गुणोत्तर काढून, जलद न्यूट्रॉनांसाठी प्रोटॅक्टिनियमचा भंजन-काटछेद मिळवला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम भारतीय अणुभौतिकीतील फार देखण्या कामांपैकी एक मानावे लागेल.

मोजलेला आकडा अनिश्चिततेसह नोंदवला नाही, तर अभियंत्याच्या हाती काहीच लागत नाही. जगभरची मोजमापे ‘एक्सफॉर’ या आंतरराष्ट्रीय कोशात साठवली जातात. २००६ पासून त्यासाठी भारतात कार्यशाळा होऊ लागल्या आणि विद्यापीठांतील प्राध्यापक-विद्यार्थी शोधनिबंधांतले आकडे तपासून नोंदवू लागले. पुढे या कामासाठी न्यूक्लियर डेटा फिजिक्स सेंटर ऑफ इंडिया उभे राहिले.