सीटखालची चिठ्ठी

जून २०१४ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी एका मोटारीचा लिलाव झाला. गाडी १९७१ सालची, क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ छापाची. नाव ‘हेमी कूडा’. टप उघडझाप करणारा. बोली चढत चढत ३५ लाख डॉलरपर्यंत गेली आणि तेथे हातोडा पडला. प्लिमथ हे नाव आम्हां मुंबईकरांना परके नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्याच सहकार्याने प्लिमथ आणि डॉज गाड्यांची जुळणी होत असे. पण त्या गाड्या सालस. ही सिअ‍ॅटलची प्लिमथ म्हणजे निव्वळ मस्तवाल घोडा.

एका जुन्या मोटारीला एवढी किंमत का यावी, आणि समोर उभी असलेली गाडी खरोखरच ‘ती’ आहे हे ठरवावयाचे कोणी, असे दोन प्रश्न येथे उभे राहतात. आमचा जन्म कामगारांच्या चळवळीत गेला. मोटारींचा शौक आम्हांला कधी परवडला नाही. तरीही या प्रश्नांनी आम्हांला सोडले नाही, कारण त्यांचे उत्तर शोधता शोधता आम्ही शेवटी एका कारखान्याच्या फाटकाशी येऊन पोचलो.

आधी या गाड्यांची कुळकथा पाहू. अमेरिकेत त्यांना ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायू, अंगातली रग. मध्यम आकाराची, साध्या घरची गाडी घ्यावयाची आणि तिच्या पोटात थोरल्या गाडीचे दांडगे इंजिन बसवावयाचे, ही तिची कृती. १९६४ साली पाँटिअ‍ॅकच्या अभियंत्यांनी ‘जीटीओ’ काढली, तेथून ही परंपरा सुरू झाली असे बहुतेक मानतात. पाँटिअ‍ॅक ही जनरल मोटर्सची शाखा, आणि मध्यम गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये असा जनरल मोटर्सचा दंडक. अभियंत्यांनी ३८९ घन इंचांचे इंजिन ‘ग्राहकाने मागितल्यास, जादा पैसे घेऊन’ या सदरात घातले आणि दंडकाला बगल दिली. महायुद्धानंतर जन्मलेली पिढी नुकतीच गाडी चालविण्याच्या वयात आली होती. तिने ही गाडी डोक्यावर घेतली. मग सर्वच कंपन्या ईर्ष्येला पेटल्या. क्रायस्लरने शर्यतीसाठी घडविलेले ४२६ घन इंचांचे, म्हणजे सात लिटरचे इंजिन १९६६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांतही मिळू लागले. सिलिंडरच्या माथ्याची पोकळी अर्धगोलाकार, म्हणून त्याचे नाव ‘हेमी’.

मौज अशी की, हे इंजिन त्या काळी फारसे खपले नाही. १९७० साली कूडा गाडीत ते हवे असेल तर सुमारे ८७० डॉलर जादा मोजावे लागत. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते भरमसाट वाढविले. १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्याने धुरावर बंधने येऊ लागली. १९७१ नंतर हेमी बंद झाले, आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलेली हौसही विझवून टाकली. उघड्या टपाच्या हेमी कूडा १९७१ साली निघाल्या अवघ्या अकरा-बारा. म्हणजे आजची ही दुर्मिळता कोणी दूरदृष्टीने निर्माण केलेली नव्हे. ती कालच्या न खपलेल्या मालाची दुर्मिळता आहे.

त्या काळी दुकानाच्या काचेला नाक लावून ज्या पोरांनी या गाड्या नुसत्या पाहिल्या, ती पोरे पुढे पन्नाशीला पोचली, पैसेवाली झाली आणि हुकलेले तारुण्य विकत घ्यावयास निघाली. अ‍ॅरिझोनातील बॅरेट-जॅक्सन, इंडियानापोलिस आणि फ्लोरिडात बाजार भरविणारी मेकम, अशा लिलावाच्या पेढ्या त्यावर पोसल्या. २००८ च्या मंदीत हे भाव उतरले, पुन्हा चढले. २०२१ साली इंडियानापोलिसमध्ये अशाच एका कूडाला ४८ लाखांची बोली आली, तरी मालकाच्या मनातली रक्कम भरली नाही म्हणून गाडी विकली गेली नाही. किंमत म्हणजे वस्तूचा गुण नव्हे; दोन माणसांच्या इच्छा ज्या आकड्यावर भेटतात तो आकडा, हे येथे स्पष्ट दिसते.

आता दुसरा प्रश्न, आणि खरी गोम तेथेच आहे. साधी बॅराकूडा आणि हेमी कूडा यांचा सांगाडा मुळात एकाच घराण्यातला. इंजिन मिळवा, गिअर मिळवा, पट्टे आणि बिल्ले नवे करून मिळतात ते लावा. चांगल्या कारागिराच्या हातून साध्या गाडीची हेमी होऊ शकते. अशा गाडीला ‘क्लोन’ म्हणतात. नक्कल म्हणून सांगून विकली तर तीत काही पाप नाही. अस्सल म्हणून विकली की ती लबाडी होते.

ही लबाडी ओळखावयाची कशी? प्रत्येक गाडीला एक क्रमांक असतो. १९७१ च्या प्लिमथच्या क्रमांकात पाचवे अक्षर ‘आर’ असेल तर ती जन्मतःच हेमी. इंजिनावर गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. तो जुळला पाहिजे. आतल्या बाजूस मडगार्डजवळ पत्र्याची एक चिमुकली पाटी असते, तीवर ‘ई ७४’ हे हेमीचे सांकेतिक चिन्ह उमटलेले हवे. क्रमांकाची पाटी उखडणे किंवा बदलणे हा १९८४ पासून अमेरिकेत केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे. तरीही आकडे घासून नवे ठोकणारे आहेत, म्हणून जाणकार मंडळी भिंग घेऊन अक्षरांचे वळण आणि रिव्हेटांचा आकारसुद्धा तपासतात.

सर्वच गाड्यांना ही सोय नाही. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ क्रमांकावरून ओळखता येत नाही. १९७० ची शेव्हेल ‘एसएस’ देखील नाही. तेव्हा कारखान्याचे दप्तर पाहावे लागते. पाँटिअ‍ॅकचे दप्तर सुदैवाने टिकले. फोर्डची १९६७ पासूनची नोंद उपलब्ध आहे. क्रायस्लरची पत्रे मात्र १९६७ पर्यंतचीच राहिली. ज्या वर्षांच्या गाड्यांवर लाखोंची बोली लागते, नेमकी त्याच वर्षांची गेली. कंपनीने स्वतःचा इतिहास रद्दीत घातला!

मग साक्ष कोणाची? येथे आम्ही कारखान्याच्या फाटकाशी पोचतो. गाडी जुळणीच्या साखळीवर चढली की तिच्या संगतीने एक छापील तक्ता फिरे. कोणते इंजिन, कोणता रंग, कोणती सीट, सारे त्यावर खुणांनी लिहिलेले. त्याला ‘ब्रॉडकास्ट शीट’ म्हणत. कामगार तो वाचून सुटे भाग बसवी. काम झाले की कागद निरुपयोगी. साखळी तर थांबत नाही; मग घाईत तो कागद कधी सीटच्या स्प्रिंगांत, कधी गालिच्याखाली, कधी पेट्रोलच्या टाकीवर तसाच राहून जाई. पुढे पन्नास वर्षांनी कोणी सीट उसवतो आणि तेलकट, उंदरांनी कुरतडलेला तो कागद हाती येतो. तो अस्सल ठरला तर गाडीच्या किमतीत लाखो डॉलरची भर पडते. साहेबांच्या कपाटातले दप्तर गेले, आणि कामगाराने कोंबलेली चिठ्ठी साक्षीला उभी राहिली.

हे कामगार कोण होते? हेमी कूडा जेथे तयार झाली तो डेट्रॉइटलगतच्या हॅमट्रॅमॅक गावचा ‘डॉज मेन’ कारखाना. गाव पोलंडहून आलेल्या श्रमिकांचे. पुढे कारखान्यात कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने आले. १९३७ च्या मार्चमध्ये येथील कामगारांनी यंत्रांपाशीच ठाण मांडून संप केला. २ मे १९६८ रोजी साखळीचा वेग वाढविल्यावरून पुन्हा संप झाला. त्यात बडतर्फी झालेल्यांत जनरल बेकर हे होते; त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट’ ही संघटना उभी केली. त्यांचे गाऱ्हाणे मालकाविरुद्ध होते तसे आपल्याच मोठ्या युनियनविरुद्धही होते. तीही काळ्या कामगाराला समान वागवीत नाही, असे ते म्हणत. हे आम्ही युनियनवाल्यांनी लपवू नये. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्याच फाटकाआत, त्याच साखळीवर या गाड्या जन्माला आल्या. १९८० च्या आरंभी कारखाना बंद झाला, मग पाडला गेला. गाड्यांच्या जन्माचे दाखले लोक भिंग लावून शोधीत आहेत. त्या चिठ्ठीवर ती कोंबणाऱ्याचे नाव मात्र नाही.

हे वाचताना आम्हांला गिरणगाव आठवले नसते तरच नवल. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या. पुढे गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली, २०१२ साली पहिली सोडत निघाली. घर मिळावयाचे तर आपण गिरणीत होतो हे सिद्ध केले पाहिजे. गिरणी पाडलेली, मस्टर कोठे ते कोणाला ठाऊक नाही. आमच्या कचेरीत एक मावशी पत्र्याची ट्रंकच घेऊन आल्या. तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखालून त्यांनी पगाराची एक जीर्ण चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या, “दादा, ह्यांचा एवढाच कागद राहिलाय. चालेल का हो?” चिठ्ठीवर तिकीट नंबर होता. तेवढ्यावर पुढचे सारे काम झाले. पण ज्यांच्या ट्रंकेत काहीच निघाले नाही, असेही पुष्कळ आले. त्यांना काय सांगावे हे आम्हांला आजही सुचत नाही.

जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात १९६८ च्या ‘बुलिट’ या चित्रपटातली मस्टँग लिलावात ३४ लाख डॉलरला गेली. ती नव्याने रंगविलेली नव्हती. पत्रा गंजलेला, रंग उडालेला, तशीच ठेवलेली होती. तिला हात लावला नाही म्हणूनच तिच्यावर लोकांचा विश्वास बसला. इतिहासाचेही असेच आहे. चकचकीत करून सांगितलेल्या इतिहासापेक्षा तेलाचे डाग पडलेला एक कागद अधिक खरे बोलतो.

म्हणून श्रोत्यांपाशी आमचे मागणे लहानसेच आहे. आपल्या वडिलांचे गिरणीचे तिकीट, आईची विडी कारखान्यातली हजेरीची वही, युनियनची वर्गणीची पावती घरात असेल तर ती रद्दीत घालू नका. तिच्यावर कोणी लाखाची बोली लावणार नाही. पण उद्या कोणी विचारील की हे शहर कोणी उभे केले. तेव्हा दाखवावयास आपल्यापाशी चिठ्ठी असली पाहिजे, आणि तिच्यावर नाव असले पाहिजे.