गरोदरपणापासून बाळ पाच वर्षांचं होईपर्यंत: सरकारी दवाखान्यातून काय मोफत मिळतं, कुठे जायचं, काय विचारायचं?

दसरा झाला की अनेक गावांतली कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. या पाच-सहा महिन्यांत घरातल्या लहानग्याचे डोस राहून जातात. कुणाचं कार्ड गावीच पेटीत राहतं, कुणाला वाटतं की दुसऱ्या तालुक्यात आपल्या बाळाला लस देणार नाहीत. हा समज चुकीचा आहे. सरकारी लस देशात कुठेही मोफत मिळते. जे गावातच राहतात त्यांनाही कोणती सेवा कुठे मिळते हे अनेकदा माहीत नसतं. म्हणून ही सगळी माहिती एका ठिकाणी देत आहोत. मोबाईलमध्ये जपून ठेवा.

कुणाकडे जायचं?

गावात सगळ्यात जवळची व्यक्ती म्हणजे आशाताई. त्यानंतर उपकेंद्र. तिथे नर्सताई (एएनएम) असतात. साधारण ५ हजार लोकसंख्येला, आणि डोंगरी-आदिवासी भागात ३ हजारांना एक उपकेंद्र असा निकष आहे. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपण ज्याला ‘पीएचसी’ म्हणतो ते. तिथे डॉक्टर असतात. त्यापुढे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय. वजन, पोषण आहार आणि नोंदीसाठी अंगणवाडी आहेच.

गरोदरपणात

दिवस गेल्याचं कळलं की पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. त्याच वेळी ‘माता व बाल संरक्षण कार्ड’ मिळतं. बाळंतपणाआधी किमान चार तपासण्या व्हायला हव्यात. त्यात वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासतात. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रक्तवाढीच्या गोळ्या मोफत मिळतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची खास तपासणी असते. आधीचं सिझर, जुळं किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर ही तारीख चुकवू नका.

बाळंतपणाचा खर्च किती?

सरकारी दवाखान्यात एक रुपयाही नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. त्यानुसार साधं बाळंतपण असो की सिझर, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त आणि दवाखान्यातलं जेवण मोफत असतं. घरून दवाखान्यात, गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात आणि नंतर परत घरी सोडण्यासाठी गाडीही मोफत. त्यासाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हे नंबर लक्षात ठेवा. एक वर्षापर्यंतचं बाळ आजारी पडलं तरी हीच सवलत लागू आहे.

खात्यात येणारे पैसे

जननी सुरक्षा योजना: दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या मातेला ग्रामीण भागात दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ७०० रुपये.

प्रधानमंत्री मातृवंदना योजना: ठराविक गटांतील कुटुंबांना पहिल्या अपत्यासाठी ५ हजार रुपये, दोन हप्त्यांत (३ हजार आणि २ हजार). दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६ हजार. दुसऱ्या हप्त्यासाठी बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस पूर्ण असावे लागतात. आपण यात बसतो का, हे आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना विचारा. बँक खातं आईच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं.

बाळाची जन्मनोंद २१ दिवसांच्या आत करून घ्या. नंतर धावपळ वाढते.

लसीचं वेळापत्रक

जन्मल्यावर: बीसीजी, पोलिओचे थेंब, कावीळ ब.
दीड महिना: पोलिओचे थेंब आणि इंजेक्शन, पेंटा, रोटा, न्यूमोनियाची (पीसीव्ही).
अडीच महिने: पोलिओचे थेंब, पेंटा, रोटा.
साडेतीन महिने: दीड महिन्याप्रमाणेच सगळ्या.
नऊ महिने पूर्ण: गोवर-रुबेला, पीसीव्ही, पोलिओचं इंजेक्शन, ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस.
१६ ते २४ महिने: गोवर-रुबेला दुसरा, डीपीटी आणि पोलिओचा बूस्टर. ‘अ’ जीवनसत्त्व इथून पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचं होईपर्यंत.
५ ते ६ वर्षं: डीपीटीचा दुसरा बूस्टर.

पेंटा दिल्यावर ताप येऊ शकतो, सुईची जागा दुखू शकते. नर्सताईंनी दिलेलं औषध सांगितल्याप्रमाणेच द्या. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येऊन व्रण राहतो, त्यावर काही लावू नका.

डोस चुकला तर?

पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे देतात. गोवर-रुबेलाचे राहिलेले डोस पाच वर्षांपर्यंत देता येतात. त्यामुळे ‘आता उशीर झाला’ म्हणून घरी बसू नका, नर्सताई ओरडतील म्हणून तर मुळीच नको. गावाबाहेर जाताना कार्ड सोबत न्या आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. कारखान्याच्या भागात पोहोचलात की तिथल्या आशाताईंना किंवा उपकेंद्राला बाळाचं वय सांगा. कार्ड हरवलं तरी लस नाकारली जात नाही.

आशाताई घरी का येतात?

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांची भेट ठरलेली असते. बाळाचं वजन आणि ताप तपासतात. पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यातही त्या येतात. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, श्वास जोरात चालत असेल, छाती आत जात असेल किंवा झटके आले तर भेटीची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.

जुलाब लागले तर ओआरएस आणि १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मोफत मिळतात. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करा, आणि अंगावरचं दूध बंद करू नका.

वजन वाढत नसेल तर

अंगणवाडीत वजनाबरोबर दंडाचा घेरही मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण आहे. अशा मुलाला गरजेनुसार पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतात, आईलाही सोबत ठेवतात. मजुरी बुडेल म्हणून पुष्कळ जण टाळतात. पण अशा मुलाला साधा जुलाब किंवा न्यूमोनियाही जीवघेणा ठरू शकतो.

शाळा आणि अंगणवाडीतली तपासणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. जन्मजात हृदयरोग, दुभंगलेला ओठ, वाकडे पाय, ऐकू न येणं असे दोष सापडले तर पुढच्या उपचाराची सोय मोफत होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

पैसे मागितले तर?

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह उपचार मोफत आहेत. कुणी पैसे मागितले तर पीएचसीबाबत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालयाबाबत वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. तारीख आणि वेळ लिहा, पोच घ्यायला विसरू नका.

आजच एक काम करा: घरातल्या लहानग्याचं कार्ड काढा आणि पुढच्या डोसची तारीख बघा. तारीख उलटून गेली असेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशी बाळाला घेऊन जा.