गुराब थ्रीडीमध्ये बांधायची तर

आज कोडिंग नाही, आज जहाजं. एखाद्या एआय टूलकडे ‘मराठा आरमार’ असं चित्र मागून बघा. बहुतेक वेळा पिछाडीला दुमजली वाडा असलेलं स्पॅनिश गॅलियन येतं, आणि त्यावर भगवा. स्टेटसला एकदम भारी दिसतं, पण ते जहाज आंग्र्यांचं नाही.

मग खरं कसं होतं? फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. (त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हेही ऐकून ठेवा.) म्हणजे समोर ठेवून मोजायला मूळ जहाज नाही. गंमत अशी की आपल्या मॉडेलचा स्पेक शत्रूच्या बाजूने लिहिला गेलाय. कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म. १७६३ पासून छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथात गुराबेचं वर्णन आहे आणि ते ब्लेंडर उघडून बसलेल्या माणसासाठी सोनं आहे.

दोन डोलकाठ्यांची गुराब फार तर १५० टनांची, तीनची सुमारे ३०० टन. लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात कमी बुडणारी. म्हणून खाडीत सहज शिरणारी. पुढे गोल नाळ नाही, तर भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब चोच. समोरून लाट आली की ही चोच जोरात खाली-वर आपटायची. म्हणून चोचीवरच्या डेकला कठडाच ठेवला नव्हता. आलेलं पाणी सरळ वाहून जावं! रेंडरमध्ये हे दाखवायलाच हवं: ओल्या फळ्यांची चमक, दोन्ही कडांवरून ओघळणारा फेस. ओशन मॉडिफायर लावून समुद्र मिळतो, हे ओघळणं मात्र हाताने बसवावं लागतं.

तोफांमुळे कॅमेरा बदलतो. युरोपियन चित्रांत जहाजं कुशीतून मारा करतात. गुराबेच्या दोन मुख्य तोफा, ९ किंवा १२ पौंडी, चोचीवरून पुढे मारायच्या. त्यामुळे ती शिकारीच्या मागे दाखवा, पिछाडीवर नेम धरून.

वारा पडला असेल तर आणखी मजा. शिडं लोंबतायत, आणि पुढे ४०-५० वल्ह्यांची गलबतं दोर बांधून गुराबेला ओढतायत. मी सध्या तोच दोर ताणतोय.