जुनी नोंद ऑनलाइन आहे, मग शोधल्यावर सापडत का नाही?

भिवंडी तालुक्यातल्या एखाद्या कुणबी किंवा आगरी कुटुंबातलं मूल बारावीच्या पुढे गेलं की घरात जात वैधता प्रमाणपत्राची धावपळ सुरू होते. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो. गेले नसतील तर पणजोबांपर्यंत मागे जायचं आणि कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. मग कुणीतरी सांगतं, "अरे, आता सगळं ऑनलाइन आहे, नाव टाक की सापडेल."

नाव टाकलं तरी बहुतेक वेळा काही सापडत नाही. याचा अर्थ नोंदच नाही, असं समजून लोक गप्प बसतात. तिथेच चूक होते. कागद ऑनलाइन असणं आणि तो शोधता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्कॅन म्हणजे फोटो

राज्याच्या महसूल विभागाचं 'आपले अभिलेख' हे संकेतस्थळ घ्या. जुने सातबारे, फेरफार, आठ-अ यांची स्कॅन केलेली पानं तिथे आहेत. ही सोय ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यात ठाणे होतं. तिथे शोध घेताना कार्यालय, जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि सर्व्हे नंबर निवडावा लागतो. म्हणजे संगणक पानाच्या आत काय लिहिलंय ते वाचत नाही. स्कॅन करणाऱ्याने त्या पानाला जी चिठ्ठी लावली, तेवढीच तो वाचतो. चिठ्ठीवर गाव चुकलं, किंवा '४५/२'च्या जागी '४५-२' पडलं, तर पान असूनही नसल्यासारखं.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा हा प्रश्न राज्यभर दिसला. समितीचं काम आधी मराठवाड्यापुरतं होतं, नंतर ते सगळ्या राज्याला लागू झालं. ५० लाखांहून जास्त नोंदी सापडल्या आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर स्कॅन प्रती चढल्या. पण त्या शोधल्या माणसांनी, रजिस्टरचं एकेक पान उलटून. त्यासाठी मोडी वाचणारे जाणकार बोलवावे लागले.

फोटोतून अक्षरं

शोध बसवायचा तर पहिलं काम म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर तयार करणं. छापील देवनागरीसाठी हे आता बऱ्यापैकी जमतं. 'टेसरॅक्ट' हा फुकट मिळणारा प्रोग्राम मराठी छापील मजकूर वाचतो. हाताने लिहिलेलं, शाई फुटलेलं रजिस्टर आलं की गाडी अडते. मोडी तर आणखी वेगळी. आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली सलग लिहायची पद्धत होती, त्यामुळे एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते डोळ्यांनाही चटकन कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळत नसत. संगणकाच्या युनिकोड या प्रमाण संचात मोडीला जागा मिळाली ती २०१४ मध्ये.

अलीकडच्या फायलींची वेगळीच गंमत. युनिकोड रुळण्याआधी कार्यालयांत आणि छापखान्यांत श्रीलिपी, आकृती असे फॉन्ट चालायचे. त्यात पडद्यावर 'भिवंडी' दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरांची भेळ असते. अशा पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवून पाहा. कचरा उमटला, तर त्या फाइलमध्ये मराठीत शोधून काहीच मिळणार नाही.

पुस्तकामागच्या सूचीसारखं

मजकूर हाती आला की शब्दसूची बनवतात. जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशीच: 'पडघा – पान १२, ४७, ३०५'. तुम्ही शब्द टाकता तेव्हा संगणक हजारो पानं चाळत नाही, ही तयार सूची बघतो. म्हणून उत्तर क्षणात येतं. 'ल्युसीन' किंवा 'एसक्यूलाइट'सारखी मोफत साधनं हे काम करतात. छोट्या संग्रहासाठी साधा लॅपटॉपही पुरतो.

खरी डोकेदुखी आहे ती मराठीची. इंग्रजीत गावाचं नाव सहसा जसंच्या तसं राहतं. मराठीत 'पडघा' हे 'पडघ्यात', 'पडघ्याला', 'पडघ्याच्या' असं बदलतं आणि सूचीच्या दृष्टीने हे चारही वेगळे शब्द ठरतात. म्हणून शोध बसवणाऱ्याला प्रत्यय काढून मूळ शब्दाकडे जाणारे नियम लिहावे लागतात. ल्युसीनमध्ये हिंदीसाठी असा भाग तयार आहे, पण मराठीची सामान्यरूपं वेगळी असल्याने तो तसाच लावून भागत नाही. नियम फार कडक केले तरी घोळ होतो. 'कर' काढून टाकला की 'अंजूरकर' हे आडनाव आणि 'अंजूर' हे गाव एकच होऊन बसतं. वसईच्या मोहिमेतल्या गंगाजी नाईक अंजूरकरांबद्दल वाचायचं असेल तर हे सोयीचं, पण अंजूरच्या जमिनीचा कागद हवा असेल तर निव्वळ अडचण.

याच तालुक्यातली आणखी दोन नावं बघा. 'अंबाडी' शोधली तर गावाबरोबर भाजी येते. आणि 'कोन' हे गाव आहे हे संगणकाला सांगितलं नाही, तर भूमितीची पुस्तकं आधी येतात. चांगल्या संग्रहात यासाठी गावांची यादी वेगळी ठेवतात, म्हणजे आधी गाव निवडायचं आणि मग शब्द टाकायचा.

अन्सारी, अंसारी की अनसारी?

२०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. यंत्रमागामुळे इथे उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांची नावं मराठी रजिस्टरमध्ये लिहिली ती कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी. त्यामुळे एकाच घरात तीन भावांच्या आडनावाची तीन रूपं सापडू शकतात. भोईर-भोइर, मोमीन-मोमिन हीही तीच गत. शहराचं नावसुद्धा सुटलेलं नाही. 'भिंवडी' असं अनुस्वार सरकलेलं रूप आजही सर्रास दिसतं.

यावर उपाय म्हणजे सूची बनवतानाच ऱ्हस्व-दीर्घ एक धरायचं, अनुस्वार आणि अर्धा न सारखे मानायचे, मराठी आणि इंग्रजी अंक एकच समजायचे. असं केलं की नको असलेले निकालही वाढतात. माझ्या मते जुन्या नोंदींसाठी ते चालतं. दहा चुकीची पानं बघण्यात अर्धा तास जाईल, पण एक बरोबर पान निसटलं तर मुलाचा प्रवेश अडकू शकतो.

मग सगळंच शोधता यावं का?

इथे दुसरी बाजूही आहे. मतदारयाद्या शोधता येईल अशा मजकूर स्वरूपात मिळाव्यात, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. निवडणूक आयोगाने मतदारांच्या खासगीपणाचा मुद्दा मांडला होता. कपाटातल्या रजिस्टरमधलं नाव आणि एका क्लिकवर पत्त्यासकट मिळणारं नाव यांत फरक आहेच. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदीबाबत ही भीती कमी, पण शून्य नाही, कारण त्यातली बरीच माणसं हयात आहेत.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

आधी पीडीएफमधली ओळ बोटाने निवडता येते का ते बघा. येत नसेल तर ते चित्र आहे आणि पानं उलटण्याला पर्याय नाही. येत असेल तर पूर्ण नाव टाकू नका. जुन्या नोंदींत बऱ्याचदा आडनाव नसतंच, फक्त नाव आणि बापाचं नाव असतं. नावाचा सुरुवातीचा तुकडा टाका, वेलांटी-उकार बदलून पुन्हा टाका. गाव महसुली नावाने शोधा, पाड्याच्या नावाने नको.

तरीही हाती काही लागलं नाही, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. अर्जात गाव, अंदाजे साल आणि कागदाचा प्रकार लिहा, उदाहरणार्थ 'गाव नमुना १४, १९३० ते १९४०'. शहर हद्दीतली जन्म-मृत्यूची नोंद असेल तर महापालिकेकडे विचारा आणि शाळेची असेल तर शाळेकडे. रजिस्टर मोडीत असेल, तर नकलेसोबत देवनागरी लिप्यंतरही करून घ्यावं लागेल, त्याचा वेळ आधीच धरून ठेवा.